चाळीस गुणिले एकशे त्र्याहत्तरचा वर्ग

वाशीमच्या माणसाला परगावी आपला पत्ता सांगताना दोन टप्पे पार करावे लागतात. पहिला, "वाशी नाही हो, वाशीम." दुसरा, "अकोल्याच्या पुढे." यानंतर समोरचा माणूस "असं होय!" म्हणतो आणि विषय बदलतो. नागपूरला संत्री आहेत, जळगावला केळी आहेत. शेजारच्या बुलढाण्याला तर थेट आकाशातून उल्का मिळाली आणि लोणारचं सरोवर झालं. आमच्याकडे आकाशातून वेळेवर पाऊस पडला तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती. वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म ती हीच, असं मी काही वर्षं सांगून पाहिलं. ऐकणारे मान डोलावतात, पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजधानीचं आज काय करायचं हे त्यांना कळत नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही कळलेलं नाही.

म्हणून हल्ली मी उत्तर बदललं आहे. कुणी विचारलं की सांगतो, "वाशीम म्हणजे चाळीस गुणिले एकशे त्र्याहत्तरचा वर्ग." निदान विषय तरी लगेच बदलत नाही.

त्याचं असं आहे. २०११च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या भरली ११,९७,१६०. हा आकडा आमच्याकडे सगळीकडे भेटतो. आराखड्याच्या पहिल्या पानावर, अहवालाच्या प्रस्तावनेत, स्पर्धा परीक्षेच्या गाइडातल्या जिल्ह्याच्या माहितीत. भाषणात त्याची "बारा लाख जनता" होते, म्हणजे माईक हातात येताच २,८४० माणसं वाढतात. पण या आकड्याला कुणी कधी भागून पाहिलं असेल असं वाटत नाही. सरकारी आकडा टक्केवारी काढायला असतो, त्याचे अवयव पाडायला नसतो.

मी पाडले. दुपार होती, लाइट गेली होती, आणि पंखा बंद असताना वऱ्हाडात झोप लागत नाही.

सुरुवात सोपी होती. शेवटी शून्य, म्हणजे दहाचा भाग गेला. शेवटचे तीन अंक १६०, म्हणजे आठाचाही जातो. दोन्ही मिळून चाळीस बाहेर काढले. उरले २९,९२९. इथे गाडी अडली. तीनने भाग जात नाही. सात लावले, चार उरले. अकरा लावले, नऊ उरले. तेरा लावले, तीन उरले. शाळेत शिकवलेल्या कसोट्या इथे संपतात. पुढे सतरा, एकोणीस, तेवीस असा एकेका मूळ संख्येच्या दारात जाऊन विचारायचं, "आमचं काही आहे का तुमच्याकडे?" घरातून "चहा टाकू का?" अशी हाक आली तेव्हा मी १०१च्या दारात होतो. चहा झाला, लाइट आली, पुन्हा गेली. संख्येच्या वर्गमुळापर्यंतच शोधायचं, तोवर काही सापडलं नाही तर ती संख्या स्वतःच मूळ, असा नियम आहे. १६७ झाला तेव्हा मी वही मिटायच्या बेतात होतो. शिल्लक एकच दार होतं, १७३चं. लावून पाहिलं. भाग गेला, आणि भागाकारही १७३च आला! बाकी शून्य.

म्हणजे बघा. जिल्ह्यातल्या तमाम लोकांना मैदानावर उभं केलं, १७३ रांगा आणि प्रत्येक रांगेत १७३ माणसं, तर असे बरोबर चाळीस चौरस होतात. एक माणूस बाहेर उरत नाही, एक जागा रिकामी राहत नाही. आम्ही आयुष्यभर रांगा पाहिल्या आहेत: रेशनच्या, आधारच्या, खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या. प्रत्येक रांगेत कुणी ना कुणी "जरा विचारून येतो" म्हणत मधे घुसतो. या रांगांत घुसायला जागाच नाही. जिल्ह्याच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही.

रात्री जेवताना दुसरी गोष्ट लक्षात आली आणि घास हातातच राहिला. मूळ संख्या ओळीने मोजा. दोन पहिली, तीन दुसरी, पाच तिसरी, असं मोजत गेलं की १७३चा नंबर किती लागतो? चाळिसावा! चौरस चाळीस आणि चौरसाची बाजू चाळिसावी मूळ संख्या. आपला क्रमांक आणि त्या क्रमांकाच्या मूळ संख्येचा वर्ग यांच्या गुणाकारातून जन्मलेल्या संख्या मोजक्याच. ४, १८, ७५, १९६, ६०५ अशी त्यांची वरात निघते आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर ती अगदी विरळ होते. आमच्या आधीची १०,८७,६७१ आणि नंतरची १३,१३,६८१. मधल्या सव्वादोन लाखांहून जास्त आकड्यांत एकच, आमचा.

आणि तो किती थोडक्यात साधला! जनगणनेचा क्षण होता १ मार्च २०११, रात्री बारा वाजता. त्या रात्री कारंज्यात एखादी बाळंतीण तासभर आधी मोकळी झाली असती, रिसोडात एखाद्या आजोबांनी तासभर आधी राम म्हटला असता, किंवा मानोऱ्याच्या एखाद्या प्रगणकाने उन्हाला कंटाळून शेवटचं घर सोडलं असतं, तर सगळं मुसळ केरात. एवढ्या जन्म-मृत्यूंनी आणि मास्तरांच्या एवढ्या पायपिटीने मिळून जे घडवलं त्यात एकाचाही तसा हेतू नव्हता. हेतू ठेवून आमच्या जिल्ह्यात जे केलं जातं ते इतकं नेमकं होत नाही.

माझे एक मित्र गणिताचे शिक्षक आहेत. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सर, कुठलीही संख्या घ्या, उकरलं की काहीतरी निघतंच. तुम्ही आधी पोरगी पसंत केली आणि मग छत्तीस गुण जुळवताय." त्यांचं म्हणणं खोटं नाही. १७२९ क्रमांकाच्या टॅक्सीतून आलेल्या हार्डींना तो आकडा नीरस वाटला होता आणि आजारी रामानुजनांनी पडल्या पडल्या त्यातून दोन घनांच्या बेरजेची दोन रूपं काढून दाखवली होती. पण टॅक्सी निघून गेली, आकडा राहिला. आमचं तर सगळं जिल्ह्याचं ठिकाण जागेवरच आहे.

मी त्यांना द. रा. कापरेकरांचं नाव सांगितलं. डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तरकी केलेले, संख्यांशी खेळण्यात आयुष्य घालवलेले कापरेकर. त्यांच्या या खेळाला आपल्याकडच्या मोठ्या गणितींनी फार भाव दिला नाही. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि मग आपल्याला ते थोर वाटू लागले. आपल्याकडची ही रीत जुनी आहे. मुंबईजवळच्या डेमलो नावाच्या रेल्वे स्टेशनात त्यांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या, तर त्यांनी त्यांना 'डेमलो संख्या' हेच नाव दिलं. स्टेशनच्या नावावर गणित चालत असेल तर आम्ही काय घोडं मारलंय? वाशीमलाही स्टेशन आहे. क्रमांक गुणिले त्या क्रमांकाच्या मूळ संख्येचा वर्ग, अशा संख्यांना मी आजपासून 'वाशीम संख्या' म्हणणार आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या भागून दाखवावी.

कापरेकरांची सर्वांत गाजलेली करामत म्हणजे ६१७४. चार अंकी कुठलाही आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेला आकडा वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पावलांत तुम्ही ६१७४ला पोचता आणि तिथून हलत नाही. मी जनगणनेचं साल घेतलं, २०११. उतरते २११०, चढते ०११२. वजाबाकी १९९८.

१ जुलै १९९८ला अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला.

मित्र थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुढे करा." पुढे १९९८मधून ८०८२, त्यातून ८५३२ आणि त्यातून ६१७४. "म्हणजे जिल्हा झाला आणि मग सगळ्यांचं होतं तेच झालं," असा त्यांनी निकाल दिला. गणिताच्या शिक्षकांना राजकारणही कळतं.

कापरेकरांनीच ज्यांना 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या, त्या संख्यांचं लक्षण साधं आहे: अंकांच्या बेरजेने संख्येला नि:शेष भाग जायला हवा. २००१ साली आमची लोकसंख्या १०,२०,२१६ होती. अंकांची बेरीज बारा, आणि बाराने भाग जातो. वाशीम तेव्हा हर्षद जिल्हा होता! २०११ला अंकांची बेरीज पंचवीस. पंचवीसने १६०वर संपणाऱ्या आकड्याला भाग जाणार कसा? दहा वर्षांत १,७६,९४४ माणसं वाढली आणि आनंद गेला. याची दखल दिल्लीने जरा उशिरा घेतली. २०१८ साली नीती आयोगाने मागे राहिलेल्या जिल्ह्यांना 'आकांक्षित जिल्हे' असं गोड नाव दिलं, त्यात महाराष्ट्रातले चार होते: गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचं उस्मानाबाद आणि आम्ही. हर्षदचे आकांक्षित झालो. एवढा प्रवास पुष्कळांचा संसारातही होतो.

एक वजाबाकी मात्र मी अवयव न पाडताच ठेवली. ११,९७,१६०मध्ये पुरुष ६,२०,३०२ आणि स्त्रिया ५,७६,८५८. फरक ४३,४४४. हजार पुरुषांमागे ९३० बायका. त्या चाळीस चौरसांत उभं राहायला आणखी दीड चौरस बायका यायला हव्या होत्या, त्या कुठे गेल्या हे कुठल्याही गणितीला विचारायचं कारण नाही. गावोगावी माहीत आहे.

तर लोकसंख्या झाली. भागाकाराचं व्यसन एकदा लागलं की सुटत नाही. गाडीच्या पाटीवर एमएच-३७ दिसतो, ३७ मूळ संख्या. आमच्या पिन कोडची सुरुवात ४४४ने होते आणि ४४४ म्हणजे सदतीस बारे. परिवहन आणि टपाल, दोन खाती एकमेकांशी कधी बोलली नसतील, पण त्यांचे आकडे आतून सोयरे निघाले.

पिन कोड म्हणजे आपल्याच माणसाचं काम. टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर, जे संस्कृतात कविताही लिहीत, त्यांनी ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ला ती लागू झाली. कवीने दिलेले आकडे म्हटल्यावर मी सहाही तालुक्यांच्या ठिकाणांचे पिन मांडून बसलो. खुद्द वाशीमने निराशा केली. ४४४५०५, शेवटी पाच, कुणीही भाग द्यावा. रिसोड सम, मानोरा सम. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, तिथला ४४४१०५ मोठा उदार निघाला: तीनला भाग देतो, पाचला देतो, नऊला देतो, ७१ आणि १३९लाही विन्मुख पाठवत नाही.

खरी झुंज मालेगावशी झाली. नाशिकचं नव्हे, आमचं मालेगाव. ४४४५०३. लहान आकड्यांना दाद देईना. शंभरी गेली, दोनशे गेले, तीनशे गेले. १०९ लावला तेव्हा एक उरला, १६३ला दोन. असं एक-दोनवरून निसटत राहिलं की माणसाला वाटतं आता मूळ निघणार, आणि मालेगावात जाऊन कुणाचा तरी सत्कार करावा. पण ३३७वर त्याने हात टेकले: ३३७ गुणिले १३१९, दोन्ही मूळ. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायला सोपा आणि फोडायला अवघड, या एका गोष्टीवर इंटरनेटवरच्या गुप्ततेचा बराच मोठा डोलारा उभा आहे. तिथल्या संख्या शेकडो अंकी असतात. मालेगाव सहा अंकांवर थांबलं, तरी घराणं तेच.

त्याच्यापेक्षा बरोबर शंभरने कमी मंगरूळपीर. ४४४४०३. इथे ६६१पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून झाल्या आणि एकीलाही भाग गेला नाही. अस्सल मूळ संख्या! हे मी एका मंगरूळपीरकरांना बसमध्ये सांगितलं. मूळ संख्या म्हणजे काय हे समजावून सांगितलं, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणाचाच भाग जात नाही ती. त्यांनी खिडकीतून एक पिंक टाकली आणि म्हणाले, "हे आमाले नवं नाई. आमी वाटनीपत्रावर सह्या करतच नसतो."

बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मात्र माझी परीक्षा झाली. सोयाबीनचा हंगाम होता, म्हणजे त्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. आमचा जिल्हा सोयाबीनवर जगतो आणि सोयाबीनच्या भावावर बोलतो. मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर २०२५-२६चा हमीभाव लिहिला, क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि सवयीने कापरेकरांचं सुरू केलं. उतरते ८५३२, चढते २३५८. वजाबाकी ६१७४. एकाच पावलात! आदल्या वर्षीच्या ४,८९२ला तीन पावलं लागली होती. मी उत्साहाने बाजूच्या शेतकऱ्याला कागद दाखवला.

"हे काय हाय?"

मी सांगितलं की कुठल्याही चार अंकी आकड्याचं शेवटी हेच होतं, ६१७४.

"कोनत्याही?"

"अंक सगळे सारखे नसले तर कोणत्याही."

"मंग बाजारात चार हजारानं मांगतात ते?"

"बरोब्बर चार हजार घेतला तरी तेच. ६१७४."

त्याने कप खाली ठेवला, कागद हातात घेतला आणि नीट पाहिला. "हे लिहून द्या ना सायेब सही-शिक्क्यानिशी. मी दाखवतो बाजार समितीत. म्हनतो, भाऊ, शास्त्रात असंच हाय, कुठूनबी सुरू करा, सहा हजार एकशे चौऱ्याहत्तरवरच थांबा लागते." टपरीवर त्या दिवशी ६१७४ला जेवढा पाठिंबा मिळाला तेवढा कापरेकरांना मद्रासच्या गणित परिषदेत मिळाला असेल असं वाटत नाही.

आता माझं सगळं लक्ष पुढच्या जनगणनेकडे आहे. वाशीम संख्यांमध्ये आमच्या पुढची १३,१३,६८१. मागच्या दशकाच्या वेगाने, वर्षाला साधारण १७,७०० माणसं धरली, तर हा आकडा २०१७च्या अखेरीस कधीतरी येऊन गेला. मोजायला कुणी नव्हतं. त्यानंतरची १३,७५,९६२. त्याच वेगाने २०२१मध्ये आम्ही १३,७४,१०४ झालो असतो. फक्त १,८५८ कमी! एवढे वाशीमकर तर पुण्यात हिंजवडीच्या एका सिग्नलला उभे असतील, फोन करून बोलावले असते. पण २०२१ची जनगणना झालीच नाही. कोरोनाने काय काय नेलं त्याच्या यादीत हे कुणी धरत नाही.

नवी जनगणना मार्च २०२७च्या मुहूर्तावर आहे, आणि या वेळी मोबाइलवर. माझे ते शिक्षक मित्र प्रगणक म्हणून नेमले जाणार अशी त्यांना स्वतःला दाट भीती आहे. मी त्यांना सगळं समजावून दिलं. पुढची वाशीम संख्या १५,६८,६८३. जुन्या वेगाने तोपर्यंत आम्ही १४,८०,०००च्या घरात असू. म्हणजे कमी पडतात अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सर," ते म्हणाले, "माझ्याकडे सारी दीडशे घरं येतील."